मग आमास्नी काय?

कुपवाडच्या एका चांगल्या चालणाऱ्या वर्कशॉपचं एकुलतं एक गिऱ्हाईक मी एका रबरी शिक्क्यानं पळवून लावलं. शिक्का मीच सांगलीत करून घेतला होता, त्यावरचा मजकूर माझा होता आणि लाल शाईचं पॅडही माझ्यातर्फे सप्रेम भेट होतं.

हे आधी सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं मी माझ्या धंद्याबद्दल जरा प्रौढीनं बोलणार आहे, तेव्हा वाचकांनी हा शिक्का ध्यानात ठेवावा.

माझा धंदा कर सल्लागाराचा. सीए नव्हे. सीए व्हायचा मी प्रयत्न केला होता, पण परीक्षकांनी तो वेळोवेळी हाणून पाडला. मग माधवनगरला एका बंद पडलेल्या कापडगिरणीसमोर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि लोकांची विवरणपत्रं भरायला बसलो ते केस पांढरे होईपर्यंत. बाहेरच्या माणसाला वाटतं, आम्ही लोकांना कर चुकवायला शिकवतो. तसलं काही नसतं. आमचं काम शिंप्याचं. सरकार दरवर्षी कापड कमीजास्त करतं, माणूस मात्र तोच असतो, आणि त्याला त्या कापडात बसवायचं असतं. एखाद्या वर्षी बाही आखूड होते, एखाद्या वर्षी खिसाच गायब होतो. गिऱ्हाईक शिंप्यालाच शिव्या देतं.

शिंप्याची दिवाळी असते तशी आमची बजेटची सकाळ. त्या दिवशी मी ऑफिसात काम ठेवत नसे. भिंतीवरचा टीव्ही पुसून घ्यायचा, भडंगाचा मोठा पुडा आणायचा, समोरच्या टपरीवर चहा सांगून ठेवायचा. अकराच्या आधीच बाकावर मंडळी जमायची. बेकरीवाले, गिरणीतून निवृत्त झालेले, एखाददुसरा डॉक्टरही. अर्थमंत्र्यांचं भाषण सुरू झालं की सगळे टीव्हीकडं बघायचे आणि तिकडं टाळ्या पडल्या की माझ्याकडं. म्हणजे, हे आपल्या फायद्याचं की तोट्याचं? मी हात वर करून ‘थांबा’ अशी खूण करायचो. पुष्कळदा ते मलाही कळलेलं नसायचं, पण हात असा काही उचलायचो की सगळा कायदा माझ्या तळहातावर लिहिलेला आहे.

या मंडळींत दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर मायाप्पा बसायचा. मायाप्पा खरात, आटपाडीकडचा. घर मेंढरांचं, दोघं भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरतात. हा मात्र आयटीआय करून कुपवाडला आला, आधी दुसऱ्याच्या लेथवर उभा राहिला आणि मग एक जुनी लेथ घेऊन स्वतःच्या शेडमध्ये. पुढं एकीच्या तीन झाल्या. बायको लक्ष्मी ड्रिल मशीन चालवायची. एका मोठ्या कंपनीला पंपाचे शाफ्ट आणि बुश करून द्यायचे, एवढंच काम. पण बारमाही.

भाषण दीड-दोन तास चालायचं आणि तेवढ्या वेळात मायाप्पा एक शब्द बोलायचा नाही. भडंगातले शेंगदाणे तेवढे वेचायचा. भाषण संपलं, मंत्री बसले, मी घसा खाकरून माझं भाषण सुरू करणार, की दाराजवळून तो विचारायचा,

“सायेब, समदं झालं. मग आमास्नी काय?”

सगळा बाक हसायचा. मीही हसायचो, पण मनातून चिडायचो. कारण खरं उत्तर दरवर्षी एकच असायचं. त्याला काही नसायचं. पगारदारांना वजावट असायची, मोठ्या कारखान्यांना सवलत असायची. तीन लेथवाल्या मायाप्पाचं नाव त्या भाषणात आडून-पाडूनसुद्धा यायचं नाही. मी म्हणायचो, “पुढल्या वर्षी बघू.” तो म्हणायचा, “बगू की. सरकार कुटं पळून चाललंय?” आणि उरलेला भडंग कागदात बांधून लक्ष्मीसाठी घेऊन जायचा.

मग एका वर्षी ते सापडलं.

भाषणातल्या एका वाक्यानं मी ताडकन उभाच राहिलो. थोडक्यात सांगतो, अवघड नाही. समजा कंपनीनं शंभराचा माल विकला आणि ऐंशीचा खर्च केला. कर वीसवर. त्या ऐंशीतले तीस मायाप्पाच्या बिलाचे आहेत आणि कंपनीनं ते अजून दिलेलेच नाहीत. आजवर तिला ते खर्चात धरता यायचे. नवा नियम असा की, नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे फार तर पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरायचे नाहीत. म्हणजे वर्षअखेरीला कर वीसवर नव्हे, पन्नासवर.

आता, कंपनी मायाप्पाचे पैसे चार-चार, पाच-पाच महिने थकवायची. दर गुरुवारी मायाप्पा स्वच्छ शर्ट घालून कंपनीच्या रिसेप्शनमध्ये जाऊन बसायचा. काही मागायचा नाही, नुसता बसायचा. दुपारी केव्हातरी परचेसचे साहेब बाहेर यायचे, “अरे, तू आलायस होय!” म्हणायचे आणि थोडेफार पैसे सुटायचे. दिवाळीला मायाप्पा त्यांना भावाच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं द्यायचा. मला या प्रकाराची लाज वाटायची. त्याला वाटायची नाही.

“मायाप्पा,” मी म्हणालो, “यंदा तुला आहे! आता तू जायचं नाहीस, ते येतील तुझ्या दारात.”

“आमच्या दारात?” तो शेंगदाणा चावायचा थांबला. “आवं, दारात कुत्रं हाय.”

मी त्याची लहान उद्योग म्हणून नोंदणी करून दिली, फुकट. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण इतक्या वर्षांनी उत्तर सापडलं होतं आणि ते मला मोठ्या अक्षरांत हवं होतं. मी शिक्का करून घेतला. त्यावरचा मजकूर असा: ‘आम्ही नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहोत. या बिलाची रक्कम पंचेचाळीस दिवसांत न मिळाल्यास आपणांस त्यावर आयकर भरावा लागेल.’ ‘आपणांस’ हा शब्द मी विचार करून घातला होता. दरारा हवा, पण सभ्यताही सुटायला नको. शिक्क्याला शिसवीसारखी दिसणारी लाकडी मूठ होती आणि मुठीवर लाल पट्टा.

मायाप्पा प्रत्येक बिलावर तो उठवू लागला. नेमका मध्यभागी, सरळ रेषेत, लेथवाल्याचा हात. दसऱ्याला त्यानं मला बोलावलं. तिन्ही लेथना झेंडूच्या माळा, पाटावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाने मांडलेले, आणि त्यांच्या ओळीत माझा शिक्का. लक्ष्मीनं त्यालाही हळदकुंकू वाहिलं. मी खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांत भुसा गेल्यासारखं केलं. लोखंडाच्या वर्कशॉपमध्ये भुसा कुठून यायचा, हे कुणी विचारलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास कंपनीतून टेम्पो आला. त्यात मायाप्पाचाच माल होता, परत पाठवलेला. शाफ्टमध्ये खोट नव्हती. नव्या मालाची ऑर्डर मात्र थांबली होती. ‘वर्षअखेर आहे, बघू,’ एवढाच निरोप.

मायाप्पा माझ्याकडं आला. “सायेब, माल चांगला हाय आन् परत आलाय. ह्ये कसं काय?”

“मी येतो तुझ्याबरोबर,” मी म्हणालो. माझं रक्त तापलं होतं. कोट चढवला, कायद्याचं पुस्तक काखेत मारलं आणि मायाप्पाच्या मोटरसायकलवर मागं बसून कंपनीत गेलो.

परचेसचे साहेब अतिशय नम्र निघाले. मी पुस्तक उघडून कलम वाचलं, पोटकलम वाचलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सर, तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात,” ते म्हणाले. “कायदा यांच्याच बाजूनं आहे. साखर किती?”

“मग पैसे?”

“आज देतो की. सगळे.”

आणि दिले! मागचे, त्याच्या मागचे, कधीकाळी कापून ठेवलेले, सगळ्याचा मिळून एक चेक. चहा संपायच्या आत. चहाही आल्याचा होता. मी मायाप्पाच्या हातात तो चेक ठेवला तेव्हा मला वाटलं, माझी धंद्यातली सगळी वर्षं या क्षणासाठीच होती. फाटकाबाहेर आल्यावर मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मायाप्पानं मोटरसायकल चालू केली नाही. चेक उन्हात धरून बघत राहिला.

“सायेब, ह्येंनी समदं दिलं.”

“मग? आनंद आहे की!”

“आवं, समदं देत्यात तवा संबंध संपलेला असतोय.”

मला समजायला वेळ लागला. तुम्हाला लगेच समजलं असेल तर तुम्ही या धंद्यात येऊ नये, उगाच मन रमणार नाही. त्यांच्यातली रीत अशी होती की हिशेब कधी पुरा मिटवायचा नाही. काहीतरी राहू द्यायचं, म्हणजे याला गुरुवारी यायला कारण आणि त्यांना ऑर्डर द्यायला. मोठमोठी वर्कशॉपं त्याच शाफ्टसाठी टपून बसली होती, त्यांची यंत्रं नवी होती, दरही कमी होते. मायाप्पाकडं एकच गोष्ट अशी होती, जी त्यांच्याकडं नव्हती: तो थांबायचा. उशिरा पैसे घेणं हाच त्याचा दर होता, आणि मी त्याच्या प्रत्येक बिलावर लाल शाईनं छापून टाकलं होतं की इथून पुढं हा माणूस थांबणार नाही.

कंपनीनं ते काम नोंदणीच्या कक्षेबाहेरच्या एका मोठ्या कारखान्याला दिलं. त्याचे पैसे कंपनीला खुशाल थकवता येत होते. मायाप्पाला मी म्हटलं, “नोंदणी रद्द करू या का?” तो म्हणाला, “आता काय उपेग? त्येंनी शिक्का वाचलाय.” एक लेथ विकली. मग दुसरी.

निवडणुकीचं वर्ष होतं, म्हणून बजेट दोनदा झालं. दोन्ही वेळा दाराजवळची खुर्ची रिकामी राहिली. भाषण संपलं, मंत्री बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मी घसा न खाकरता थांबलोय. दाराकडून प्रश्न येईपर्यंत मला बोलायला सुरुवातच करता येत नव्हती. बेकरीवाले म्हणाले, “काय झालं, लाइट गेली का तुमची?”

त्यापुढच्या बजेटात बारा लाखांपर्यंत कर नाही असं जाहीर झालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढं होतो. त्या टाळ्यांबरोबर बाकावरची माणसं एकेक करून उठून गेली, हे मला जुलैत कळलं. तसं पाहिलं तर कर नसला तरी विवरणपत्र भरावं लागतं, मी तसा बोर्डही लावला. पण लोक आता मोबाइलवर भरतात. सगळे आकडे आधीच भरलेले येतात, आपण फक्त हो म्हणायचं.

विश्रामबागच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका माझ्याकडं दर मार्चला यायच्या. पर्स मांडीवर घट्ट धरून विचारायच्या, “या वर्षी कशात अडकवू?” कर वाचावा म्हणून त्यांनी जन्मभर पोस्टात, विम्यात, कुठंकुठं पैसे अडकवले. दर मार्चला कुरकुरल्या. आणि त्याच अडकवलेल्या पैशांतून मुलीचं शिक्षण झालं, गुडघा झाला, फ्लॅट झाला. त्या शेवटच्या आल्या त्या पेढे घेऊन. नव्या पद्धतीत दर कमी, पण अशा बचतीला वजावट नाही.

“सुटले बाई,” त्या म्हणाल्या. मग दारात थांबल्या. “पण आता मला बचत करायला लावणार कोण हो?”

मी म्हटलं, “मी येऊन ओरडत जाईन दर मार्चला.”

“या हं,” त्या म्हणाल्या. मी गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी खरोखरच चहा टाकला असता आणि ओरडूनही घेतलं असतं.

त्या वर्षी ऑफिस बंद केलं. मुलगा साताऱ्याला राहतो, जिल्ह्यातल्याच खंडाळ्याकडच्या एका कारखान्यात रोज जाऊन येतो. आम्ही दोघं त्याच्याकडं आलो. साताऱ्याला काही कमी नाही. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, हवा उत्तम आहे, भाजीवाल्याला सुटे पैसे लागत नाहीत. पण हवा उत्तम असून माणूस किती वेळ हवाच खाणार? शेजारी कुणाला नोटीस येत नाही. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारताना लोकांच्या चेहऱ्याकडं आशेनं बघतो. एकाला तर लिफ्टमध्ये मी होऊन विचारलं, “सगळं ठीक आहे ना? आयकराचं?” तो आता जिना वापरतो.

त्यात कायदाच नवा आला. जुना साठएक वर्षांचा कायदा मला पाठ होता, कलमांचे नंबर मला नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा पक्के ठाऊक होते. ते सगळे नंबर बदलले. मागचं वर्ष वेगळं आणि ज्या वर्षी हिशेब द्यायचा ते आकारणीचं वर्ष वेगळं, हे समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. आता दोन्ही काढून एकच ‘कर वर्ष’ केलं आहे. फार सोपं झालं. इतकं सोपं करायचं होतं तर आधीच सांगायचं, मी दुसरं काही शिकलो असतो.

यंदा बजेट रविवारी होतं. मुलगा घरी, सून घरी, टीव्ही मोठा. सूनबाईंनी भडंगही केला, खास माझ्यासाठी. चांगला होता. पण शेंगदाणे सगळे माझ्याच वाटीत उरले. भाषण अर्ध्यावर असताना मी उठलो, चपला घातल्या.

“कुठं निघालात?” हिनं विचारलं.

“सांगलीला.”

“बजेट सोडून?” मला कावीळ झाल्यावरही मी बजेट सोडलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. तिनं फक्त पिशवीत पाण्याची बाटली टाकली.

एसटीत मी एकच गोष्ट घोकत होतो. यंदा लहान उद्योगांसाठी काय आहे, ते मोबाइलवरून जमवत होतो. पेठ नाक्याला वळलो तोवर माझ्याकडं बरंच काही गोळा झालं होतं. त्यातलं थोडं तरी मायाप्पाला बसेल असं मला वाटत होतं. तो विचारील, आणि या वेळी मी नीट, हळू, शिक्क्याशिवाय सांगेन.

कुपवाडला पोचलो तर रविवार असून शेडचं शटर उघडं. आत एकच लेथ, पण चालू. तिच्यासमोर मायाप्पा, केस माझ्यासारखे झालेले. बाहेर टेम्पोत हळद पॉलिश करायचा मोठा ड्रम, आणि त्याचा मालक, तासगावकडचा एक शेतकरी, उकिडवा बसून शाफ्टची वाट बघत होता. भिंतीला द्राक्षांवर फवारणी करायच्या यंत्रांचे पंखे टेकवलेले, प्रत्येकावर खडूनं कुणाकुणाचं नाव.

“आवं सायेब!” मायाप्पानं लेथ बंद केली. “कवा आलासा? ये, लक्ष्मे, सायेब आल्यात बग!”

लक्ष्मी ड्रिलवरून हात पुसत आली. लोखंडी खुर्ची आली, पाणी आलं. मायाप्पानं सांगितलं ते असं: कंपनी गेल्यावर वर्षभर हाल झाले. मग एकानं फवारणीचा पंखा आणला, मग दुसऱ्यानं. हंगामात शेतकऱ्याला यंत्र आजच पाहिजे असतं, तो पैसे हातावर ठेवून नेतो. “पंचेचाळीस दिस न्हाईत,” तो म्हणाला, “पंचेचाळीस मिंटं.” आणि हसला. त्या हसण्यात मला टोमणा शोधता आला नाही, आणि त्यानंच मी जास्त अस्वस्थ झालो. दोन लेथ अजून परत आलेल्या नव्हत्या. मोकळ्या जागेत त्यांच्या पायांचे चार-चार बोल्ट जमिनीतून वर आलेले तसेच होते.

बोलता बोलता त्यानं शाफ्टची कड मारायला कानस उचलली. कानशीच्या मुठीवर लाल पट्टा होता.

“ही मूठ...” मी म्हणालो.

“व्हय, तीच,” मायाप्पा म्हणाला. “रबर काडून टाकलं. मूठ लय चांगली हाय बगा. हाताला अशी बसती, फोड येत न्हाई.”

तो कड मारत राहिला. मी वाट बघत राहिलो. बजेटचा दिवस आहे हे त्याला माहीत असणारच. शेतकऱ्याच्या मोबाइलवर त्याच बातम्या चालल्या होत्या. मायाप्पानं शाफ्ट मोजला, पुन्हा कड मारली, शेतकऱ्याच्या हातात दिला, पैसे घेतले. टेम्पो गेला. त्यानं माझ्या प्रकृतीबद्दल विचारलं, मुलाबद्दल विचारलं, साताऱ्याला पाणी रोज येतं का तेही विचारलं.

शेवटी माझ्याच्यानं राहवेना.

“मायाप्पा, आज बजेट झालं की रे.”

“झालं न्हवं? आयकलं.”

“मग विचार की.”

“काय?”

“ते तू विचारायचास ते.”

मायाप्पाच्या ध्यानात आलं. तो खाली बघून हसला, कानशीची मूठ शर्टाला पुसू लागला. तो विचारणार होता, मला अजून वाटतं, नुसतं माझं मन राखायला तरी. विचारण्याआधीचा त्याचा श्वास मी ओळखतो. पण तेवढ्यात लक्ष्मी आतून ताट घेऊन आली. भाकरी, झुणका, खर्डा. तिनं ते माझ्यापुढं ठेवलं, पदरानं हात पुसला आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणाली,

“सायेब, जेवाया कवा बी येत जावा, घर तुमचंच हाय. पर येताना सल्ला तेवढा सातारलाच ठिवून या.”